रात्री अकराची खा-खा सकाळीच सुरू झालेली असते

तुम्ही विचारलंय त्याचा गाभा असा. वय ३८, घर डोंबिवलीला, नोकरी फोर्टात. सकाळी सगळ्यांचे डबे भरण्याच्या गडबडीत स्वतःला फक्त चहा. दुपारी डब्यात एक पोळी, थोडी भाजी, काकडी-टोमॅटो. चारनंतर काहीही नाही, कारण ‘डाएट’. संध्याकाळी डोंबिवलीच्या पुलाचा जिना उतरलात की वडापावच्या गाडीपाशी पाय थबकतात. कधी खाता, कधी मन मारून पुढे जाता. रात्रीचं जेवण बेताचं. आणि अकराच्या सुमाराला ओटा आवरून झाला, घर झोपलं की उभ्या उभ्या फरसाण, बिस्किटं, मुलीच्या चॉकलेटांचा डबा. पोट भरलंय हे कळतं तरी हात थांबत नाही. मग स्वतःचाच राग येतो. ‘माझ्यात इच्छाशक्ती कमी आहे का, की मेंदूतच काही बिघडलंय?’ शिवाय वजन कमी करायच्या इंजेक्शनांबद्दल आणि बारा वर्षांच्या मुलीबद्दलही विचारलंय.

मी मुंबईच्या उपनगरात मधुमेह आणि लठ्ठपणाचे रुग्ण बघते, आणि तुमच्यासारखी दिनचर्या माझ्यासमोर रोज येते. जी बाई पहाटे साडेपाचला उठून चार जणांचे डबे करते, जाऊन-येऊन तीन तास लोकलच्या गर्दीत काढते आणि ऑफिसातलं काम चोख करते, तिच्यात इच्छाशक्ती नाही हे मला मान्यच नाही. तुमचा मेंदूही ठणठणीत आहे. अडचण अशी की तुम्ही त्याला दिवसभर उपाशी ठेवता, कमी झोप देता आणि रोज त्याच जागी, त्याच वेळी तेच खायला घालून नीट शिकवता. तो शिकलाय. रात्री अकराला तो शिकलेलंच करतो.

आधी भुकेचं बघू, कारण तुमच्या बाबतीत सगळ्याचं मूळ तिथे आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग असतो. त्यात पेशींचे दोन गट शेजारी शेजारी असतात. एक भूक पेटवतो, दुसरा शमवतो. २०११ मध्ये संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतल्या भूक पेटवणाऱ्या पेशी प्रकाशाच्या साहाय्याने चालू केल्या, तेव्हा पोटभर जेवलेले उंदीरही काही मिनिटांत अधाशासारखे खायला लागले. पोट भरलेलं असणं आणि मेंदूला भूक लागलेली असणं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. तुम्हाला रात्री जो गोंधळ वाटतो तो हाच.

या पेशींना शरीराची खबर रक्तातून मिळते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ मध्ये लेप्टिन शोधलं. चरबीच्या पेशी ते सोडतात आणि ‘साठा पुरेसा आहे’ असं मेंदूला कळवतात. १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी घ्रेलिन शोधलं. ते रिकाम्या पोटातून निघतं आणि उलटी खबर देतं. तुम्ही खाणं एकदम तोडता तेव्हा वजन उतरण्याच्याही आधी लेप्टिन घसरतं, घ्रेलिन चढतं. मेंदूला तुमचं डाएट कळत नाही, त्याला दुष्काळ कळतो. आणि ही आठवण लवकर पुसली जात नाही. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींवर ठेवलं. वर्षभराने त्यांचं रक्त तपासलं तरी भुकेचे हार्मोन्स पूर्वपदावर आले नव्हते.

इच्छाशक्तीच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी मिनेसोटाचा प्रयोग आवर्जून सांगते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकन संशोधक अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण निवडले. युद्धात शस्त्र हाती घ्यायला तत्त्वासाठी नकार देणारे, म्हणजे निश्चयाची कमी नसलेले. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला सरासरी १५७० कॅलरी दिल्या आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालायला लावलं. त्यांचं वजन सुमारे एक चतुर्थांश घटलं. पण खरी नोंद घेण्यासारखी आहे ती मनाची अवस्था. त्यांना अन्नाशिवाय दुसरं काही सुचेना. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटातलं पुरवून पुरवून खायचे. प्रयोग संपल्यावर काही जण तट्ट फुगेपर्यंत खायचे आणि तरी समाधान व्हायचं नाही. आता आपल्याकडच्या डाएटच्या कागदांवर काय लिहिलेलं असतं ते आठवा. १२०० कॅलरी. डोंबिवली-फोर्ट रोज करणाऱ्या बाईला! तो कागद पाळता आला नाही म्हणून ती बाई स्वतःला दोष देते, हे बघून मला दर वेळी वाईट वाटतं.

सकाळी मला भूकच नसते, असं तुम्ही म्हणाल. बऱ्याच जणांना नसते. शरीराच्या घड्याळानुसार भूक सकाळी आठच्या आसपास सर्वांत कमी आणि रात्री आठच्या आसपास सर्वांत जास्त असते, हे २०१३ मध्ये दिवस-रात्रीचा पत्ता लागणार नाही अशा मंद उजेडात लोकांना ठेवून मोजलेलं आहे. म्हणून सकाळचं टाळणं सोपं जातं आणि रात्रीचं टाळणं अवघड. तुमच्या डाएटने सोपा भाग आधी उरकला आणि अवघड भाग थकलेल्या वेळेवर ढकलला.

आता वडापावच्या गाडीकडे येऊ. इथे भुकेच्या जोडीला दुसरी यंत्रणा काम करते. १९५४ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. खटका दाबला की विजेचा हलका झटका मेंदूच्या ठरावीक भागात जाई. उंदीर तो खटका दाबतच राहिले. पुढे या भागाचा डोपामिन या रसायनाशी असलेला संबंध उलगडला आणि डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन अशी समजूत पसरली. ती अपुरी आहे. मिशिगन विद्यापीठाच्या केंट बेरिज यांनी दाखवलं की डोपामिन जवळजवळ नाहीसं केलेले उंदीर समोरचं अन्न घ्यायला हलत नाहीत, पण तोंडात साखरेचं पाणी घातलं तर आवडल्याची चेहऱ्याची हालचाल करतात. म्हणजे आवडणं शाबूत असतं, हवंसं वाटणं गेलेलं असतं. मेंदूत या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी चालतात.

स्वतःला एक विचारून बघा. रात्री फरसाणाची चौथी मूठ खरंच चविष्ट लागते का? माझ्या बहुतेक रुग्णांचं उत्तर ‘नाही’ असतं, आणि ते स्वतःच त्या उत्तराने चकित होतात. आवड पहिल्या-दुसऱ्या घासानंतर ओसरते. हवंसं वाटणं मात्र पिशवी संपेपर्यंत चालू राहतं.

आणि हे हवंसं वाटणं सुरू कुठे होतं? वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत याचं उत्तर आहे. माकडाला फळाचा रस दिला की डोपामिनच्या पेशी सक्रिय व्हायच्या. रसाआधी दर वेळी दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांनी पेशी दिवा लागताच सक्रिय होऊ लागल्या, आणि ठरल्याप्रमाणे रस आला तेव्हा शांत राहिल्या. दिवा लागूनही रस दिला नाही तर मात्र त्यांचं काम नेहमीपेक्षा खाली जायचं. तुमच्यासाठी तो दिवा म्हणजे डोंबिवलीचा जिना, उकळत्या तेलाचा वास, लसणाच्या चटणीचा लाल रंग, हातातली जड पिशवी. वडा दिसण्यापूर्वीच मेंदूने हिशोब मांडलेला असतो. मन मारून पुढे गेलात की ती अपेक्षा मोडते, आणि मोडलेल्या अपेक्षेची चुटपुट घेऊनच तुम्ही घरात शिरता. न खाल्लेला वडापाव पुष्कळदा रात्री फरसाणातून वसूल होतो.

वडापावला मी खलनायक करत नाही. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरुवात केली असं सांगतात. गिरणीतल्या, ऑफिसातल्या माणसाला उभ्याने, चालता चालता खाता येईल आणि खिशाला परवडेल असं ते खाणं होतं. एका वडापावाच्या साधारण २५०-३०० कॅलरी होतात. भूक लागलेल्या माणसाने संध्याकाळी तेवढं खाणं हा काही गुन्हा नव्हे. मला जास्त काळजी रात्रीच्या पिशव्यांची वाटते.

कारण पिष्ट आणि चरबी एकत्र आली की मेंदूची ओढ दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त वाढते, हे २०१८ मध्ये मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलंय. निसर्गात ही जोडी फारशी सापडत नाही. भात पिष्टाचा, शेंगदाणा चरबीचा. शेव, वेफर्स, क्रीमची बिस्किटं, चॉकलेट यांत मात्र ती ठासून भरलेली असते. जीभ हा यातला एक भाग झाला. आतड्यांतही साखर-चरबी ओळखणारे संवेदक असतात आणि ते व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून मेंदूला कळवतात. गोडाची चवच कळत नाही अशा उंदरांनाही काही दिवसांत साखरेच्या पाण्याचीच ओढ लागते. म्हणून ‘जिभेचे चोचले’ हा आरोपसुद्धा अर्धवट आहे.

पाकीटबंद खाण्याबद्दलचा सर्वांत भक्कम प्रयोग केविन हॉल यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केला, २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. वीस माणसांना महिनाभर तिथेच ठेवलं. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं. दोन्हींत समोर ठेवलेल्या ताटातली साखर, चरबी, मीठ, चोथा, कॅलरी सारख्या. हवं तेवढं खा, एवढीच सूचना. कारखान्यातल्या अन्नावर त्याच माणसांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलो वजन वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. इच्छाशक्ती दोन्ही वेळी तीच होती. ते अन्न मऊ असतं, भराभर गिळलं जातं, आणि ‘पुरे’ हा निरोप मेंदूला पोचेपर्यंत ताट रिकामं होतं.

मग संयम नावाची गोष्ट आहे की नाही? आहे. कपाळामागे मेंदूचा जो भाग असतो तो दूरचा विचार करतो. २००९ मध्ये कॅलिफोर्नियात डाएट करणाऱ्यांना स्कॅनरमध्ये खाण्याच्या वस्तू निवडायला लावल्या. जे चविष्ट पण अपायकारक वस्तू नाकारू शकले, त्यांच्यात हा भाग जास्त सक्रिय होता आणि तो वस्तूची किंमत ठरवणाऱ्या दुसऱ्या भागावर परिणाम करत होता. म्हणजे त्यांच्या मेंदूत आरोग्याचा मुद्दा किमतीच्या हिशोबात वेळेवर पोचत होता. थकव्यात, अर्धवट झोपेत, ताणात हाच भाग आधी ढिला पडतो.

‘संयम दिवसभरात खर्च होऊन संपतो’ हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. १९९८ मध्ये रॉय बाउमायस्टर यांच्या प्रयोगातून ती कल्पना आली. ताज्या बिस्किटांच्या वासात बसून मुळे खायला लावलेले कॉलेजचे विद्यार्थी नंतरचं कोडं लवकर सोडून देत होते. पण २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी दोन हजारांवर लोकांवर ही कल्पना दुसऱ्या एका चाचणीने पुन्हा तपासली तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. त्यामुळे ‘संध्याकाळी माझा संयम संपलेला असतो’ या वाक्यावर फार भिस्त ठेवू नका. संध्याकाळी तुमची भूक वाढलेली असते आणि झोप अपुरी असते. ही दोन कारणं मोजता येतात आणि बदलताही येतात.

मला सर्वांत उपयोगी वाटतं ते २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेलं जर्मनीतलं संशोधन. दोनशेच्या वर माणसांना दिवसभर मधून मधून विचारलं, आत्ता कसली इच्छा होतेय, तिच्याशी झगडताय का? ज्यांचा स्वतःवर ताबा चांगला होता ती माणसं जास्त जोरात झगडत असतील असं वाटलं होतं. आढळलं उलटं. त्यांना झगडावंच कमी लागत होतं. मोहाची वेळ येऊ नये अशी त्यांची दिनचर्या होती. तुमच्या लोकलचंच उदाहरण घ्या. ठाण्याला उतरायचं असेल तर घाटकोपर गेल्यापासून दाराकडे सरकायला लागतं. गाडी ठाण्यात शिरल्यावर कितीही जोर लावला तरी त्या गर्दीतून उतरता येत नाही. तुम्ही सगळा जोर रात्री अकराला लावताय.

म्हणून काय बदला ते सांगते. माझ्या मते ज्याने सर्वांत जास्त फरक पडेल ते आधी.

संध्याकाळी ऑफिस सोडण्यापूर्वी, पाच-साडेपाचला, खा. चारनंतर कुलूप ही अट आजपासून मोडा. मूठभर फुटाणे आणि शेंगदाणे, सोबत ताक. किंवा दोन उकडलेली अंडी. किंवा सकाळीच वेगळ्या छोट्या डब्यात भरून नेलेली मटकीची उसळ. प्रथिनं आणि चोथा असलेलं, चावून खावं लागणारं काहीतरी. नुसतं फळ किंवा दोन मारी बिस्किटं याला पुरत नाहीत. गाडीत बसायला मिळेल तेव्हा खाईन असं ठरवू नका, त्या गर्दीत डबा उघडणं होत नाही. टेबलावर खा आणि मग निघा. डोंबिवलीच्या जिन्यावर वास येईलच, पण भूक शांत असेल तर त्या वासाची ओढ फार कमी होते. माझ्या रुग्णांत एवढ्या एका बदलाने रात्रीचं खाणं निम्म्यावर आलेलं मी वारंवार पाहिलंय.

त्यानंतर सकाळ आणि दुपार. सकाळी साडेसहाला पोहे घशाखाली उतरणार नाहीत हे मला कळतं. ऑफिसला पोचल्यावर खा. मुगाचं धिरडं, शेंगदाणे आणि मटार घातलेले पोहे, दही. दुपारी दोन पोळ्या, भाजी आणि वाटीभर घट्ट डाळ किंवा उसळ. तुमच्या डब्यात डाळीचा पत्ताच नाही, हे मला वाचताक्षणी खटकलं. घरातल्या सगळ्यांना पुरवून उरलं तर बाईला, ही आपल्या स्वयंपाकघरांतली जुनी रीत आहे. ती तुमच्या डब्यात दिसतेय.

तिसरी गोष्ट वाटेची आणि जागेची. शक्य असेल तर महिनाभर स्टेशनच्या दुसऱ्या पुलाने बाहेर पडा. महिन्यातून ठरवून दोन-तीनदा वडापाव खा. तो बसून, घरी ताटलीत घेऊन, मुलीसोबत खा. ठरवून खाल्लेल्याची चोरी होत नाही. फरसाण घरात यायचंच असेल तर लहान पुडा आणा आणि ओट्यावरच्या बरणीत न ठेवता वरच्या फळीवरच्या डब्यात ठेवा. चार पावलं आणि एक स्टूल एवढा अडथळाही हाताला थांबवतो.

हात आपोआप चालतो यावर २०११ चा एक प्रयोग आहे. अमेरिकेत सिनेमागृहात लोकांना पॉपकॉर्न दिलं, काहींना ताजं, काहींना आठवडाभर शिळं. ज्यांना सिनेमा बघताना पॉपकॉर्न खायची सवय होती त्यांनी शिळंही ताज्याइतकंच खाल्लं, आणि ते चांगलं नाही हे त्यांना कळतही होतं. सिनेमागृहाऐवजी मीटिंगच्या खोलीत दिल्यावर असं झालं नाही. नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला लावलं तेव्हाही नाही. म्हणून रात्री खायचंच असेल तर खा, पण वाटीत काढा, बसा, मोबाइल बाजूला ठेवा, आणि डाव्या हाताने खाऊन बघा.

बसून खाण्याला आणखी एक कारण आहे. १९९८ मध्ये स्मृती गेलेल्या दोन रुग्णांना जेवणानंतर दहा ते तीस मिनिटांनी पुन्हा ताट दिलं. ते जेवले. नंतर तिसऱ्यांदा दिलेलंही बहुतेक वेळा खाल्लं. पोट भरल्याची जाणीव थोडीफार आठवणीवरही चालते. फ्रीजच्या उजेडात उभ्याने खाल्लेल्याची आठवण मेंदूत धड होतच नाही.

आणि झोप. शिकागोत २००४ मध्ये निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. लेप्टिन १८ टक्क्यांनी घसरलं, घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, आणि ओढ गोड-खारट-पिठूळ पदार्थांची वाढली. उलट २०२२ च्या अभ्यासात कमी झोपणाऱ्यांनी रोज तासाभराहून थोडी जास्त झोप घेतली, तर कोणतंही डाएट न सांगता त्यांचं खाणं दिवसाला सुमारे २७० कॅलरींनी कमी झालं. तुम्ही बाराला झोपता, साडेपाचला उठता. अकरा ते बारा हा तास तुमचा एकटीचा आहे, दिवसातला एकमेव, हे मला समजतं. तो काढून घ्या असं मी म्हणत नाही. पण तो स्वयंपाकघरात काढू नका. आणि घरातल्या इतर मोठ्या माणसांनी दोन डब्यांची जबाबदारी घेतली तर तुम्हाला अर्धा तास जास्त झोपता येईल. ही वैद्यकीय सूचना आहे असं घरी सांगा.

एवढं करूनही तलफ येईल. ती आली की डोक्यात पदार्थाचं चित्र उभं राहतं, चव, कुरकुरीतपणा, सगळं. त्या चित्रालाच जागा मिळू नये म्हणून डोळे-हात गुंतवणारं काहीतरी तीन-चार मिनिटं करा. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या संशोधकांनी तलफ आली की लोकांना तीन मिनिटं टेट्रिस हा ठोकळे जुळवण्याचा खेळ खेळायला लावलं. तलफेचा जोर सुमारे पाचव्या हिश्श्याने उतरला. रांगोळीच्या ठिपक्यांची वही, विणकाम, उद्याच्या भाजीसाठी लसूण सोलणं, काहीही चालेल. मनातल्या मनात ‘नको, नको’ म्हणत बसू नका, त्याने चित्र आणखी ठळक होतं.

संकष्टीचा उपवास तुम्ही करता. श्रद्धेने करत असाल तर जरूर करा, पण तो वजनाच्या खात्यात मांडू नका. दिवसभर चहावर राहून रात्री साबुदाण्याची खिचडी हा त्याच चक्राचा एक फेरा आहे. दुपारी दही, शेंगदाणे, राजगिरा घेता येतो.

काही गोष्टी तपासल्याशिवाय मात्र राहू नका. मधुमेहाची काही औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर रात्रीची भूक साखर उतरल्यामुळे असू शकते, ती ग्लुकोमीटरवर बघावी लागते. स्टिरॉइड आणि मानसिक आजारांवरची काही औषधं भूक वाढवतात. ती स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. पाळीच्या आधीच्या आठवड्यात भूक वाढणं नैसर्गिक आहे. मोठं घोरणं असेल तर झोपेची तपासणी हवी. आणि जर थोड्या वेळात खूप मोठ्या प्रमाणात, लपून, थांबवताच येत नाही असं खाणं आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने होत असेल, तर तो २०१३ पासून अधिकृतपणे नोंदलेला आजार आहे आणि त्याला चांगले उपचार आहेत. खाऊन मुद्दाम उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना लगेच भेटा. सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या नंबरवर कधीही, मराठीतही बोलता येतं.

तुमची उंची १५५ सेंटिमीटर, वजन ६४ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, साधारण २६.६. भारतीयांसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा मानतात. कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलंय. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३, पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के, युडकिन यांच्या ९.१ टक्के. तेव्हा काट्यावरच्या आकड्यापेक्षा कमरेचा घेर बघा, तो ८० सेंटिमीटरच्या आत हवा. आणि उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी), थायरॉइड एकदा करून घ्या.

इंजेक्शनांबद्दल. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतात आलं. ही औषधं आतड्यातल्या हार्मोनची नक्कल करून थेट मेंदूतल्या भूक-तृप्तीच्या केंद्रांवर काम करतात. घेणारे लोक सांगतात, डोक्यात सतत चालणारा खाण्याचा विचारच थांबला. यावरूनही कळावं की तो विचार म्हणजे स्वभावदोष नव्हता. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरलं. औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. बीएमआय ३० च्या वर, किंवा २७ च्या वर आणि सोबत मधुमेह, रक्तदाब यांसारखा आजार असेल, अशांसाठी ती आहेत. त्यांच्यासाठी मी ती नि:संकोच लिहून देते. तुम्हाला आज त्यांची गरज नाही. मैत्रिणीकडून किंवा जिममधून तर अजिबात घेऊ नका.

राहिली मुलगी. ‘तिलाही माझ्यासारखंच होईल म्हणून चॉकलेटचा डबा बंद करू का?’ असं विचारलंत. संयमाची परीक्षा म्हणून स्टॅनफर्डच्या वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. लहान मुलाला सांगायचं, आत्ता एक गोड गोळी घे, किंवा थांबलास तर दोन. थांबणारी मुलं पुढे यशस्वी होतात असं त्यावरून सांगितलं गेलं. २०१८ मध्ये जास्त मुलांवर हे तपासलं, घरची परिस्थिती हिशोबात घेतली, तेव्हा तो संबंध फारच क्षीण झाला. त्याआधी, २०१३ मध्ये, सेलेस्ट किड यांनी एक साधी गोष्ट केली. काही मुलांना आधी चांगले रंग आणून देण्याचं कबूल केलं आणि दिले. काहींना कबूल करून दिले नाहीत. मग गोळीची परीक्षा घेतली. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, ज्यांच्याबाबत तो मोडला ती तीन मिनिटं.

त्यामुळे डबा राहू द्या. रविवारी दोन चॉकलेटं म्हटलं तर रविवारी दोन द्या, अभ्यास झाला नाही म्हणून ती रद्द करू नका, आणि चांगले मार्क पडले म्हणून चार करू नका. तिच्या डब्यातून रात्री खाल्लं असेल तर सकाळी सांगा आणि भरून ठेवा. तिच्या वजनाबद्दल घरात, विशेषतः आजी आणि मावश्यांपुढे, कोणी बोलणार नाही हे तुम्ही बघा. आणि संध्याकाळी क्लासहून भुकेली येते तेव्हा तिच्यासमोर आधी थालीपीठ किंवा डोसा येऊ द्या, पाकिटं नंतर. पाच-साडेपाचचं खाणं तिलाही तुमच्याइतकंच लागतं.